घशाशी येणारे आम्ल : दोष आम्लाचा की वेळेचा?

बाजारपेठेतील अनेक दुकानांच्या गल्ल्यात नोटा, रबरबँड आणि पावतीपुस्तक यांच्या जोडीला आणखी एक वस्तू हमखास आढळते. ती म्हणजे पित्तावरच्या गोळ्यांची पट्टी. सकाळी घाईचा नाश्ता, दुपारचे जेवण गिऱ्हाईक सांभाळत तीन वाजता, मध्ये चार-पाच वेळा चहा, आणि शटर ओढून, दिवसाचा मेळ घालून घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा. मग दिवसभरातील एकमेव निवांत जेवण आणि अर्ध्या तासात अंथरूण. मध्यरात्री छातीत जळजळ होऊन जाग येते, आंबट-कडवट पाणी घशाशी येते, उठून बसावे लागते. सकाळी एक गोळी घेतली की प्रकरण मिटले असे मानले जाते. असे दिवस मोजता मोजता त्यांची वर्षे होतात.

या त्रासाला घरोघरी 'पित्त' किंवा 'अ‍ॅसिडिटी' असे एकच नाव आहे. करपट ढेकर, पोट फुगणे, डोके दुखणे, छातीतील जळजळ, मळमळ या सर्वांची बोळवण त्या एका शब्दात होते. आपल्याकडील प्राचीन वैद्यांनी मात्र यात भेद केला होता. 'माधवनिदान' या ग्रंथात आम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण असून त्याचे ऊर्ध्वग आणि अधोग, म्हणजे वर जाणारे आणि खाली जाणारे, असे प्रकार सांगितले आहेत. आधुनिक वैद्यकातही आम्ल वर येण्याच्या विकाराला वेगळे स्थान आहे. त्याचे इंग्रजी नाव 'गॅस्ट्रोइसोफेजियल रिफ्लक्स डिसीज', संक्षेपाने 'जीईआरडी'. जठरातील द्रव उलटा वर येऊन त्रासदायक लक्षणे किंवा इजा निर्माण करतो, तेव्हा तो रोग होय, अशी व्याख्या तज्ज्ञांनी 2006 मध्ये एकमताने मांडली. एखाद्या लग्नातील पंगतीनंतर आलेला आंबट ढेकर हा रोग नव्हे. तोच त्रास आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस होऊ लागला, तर मात्र त्याकडे लक्ष द्यावयास हवे.

दार सैल पडते तेव्हा

जठरात आम्ल असते हे ऐकताच ते काहीतरी अनिष्ट आहे असा समज होतो. वस्तुतः ते शरीराला आवश्यक आहे. जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते हे विल्यम प्राऊट या इंग्रज वैद्यकाने 1823 मध्ये दाखवून दिले. हे आम्ल अन्नातील जंतूंचा नाश करते, प्रथिनांच्या पचनाला आरंभ करून देते, लोह शोषले जाण्यास मदत करते आणि अन्नातील बी-12 जीवनसत्त्व मोकळे करते. जठराच्या आतील बाजूस बुळबुळीत स्रावाचा थर असल्याने त्याला स्वतःच्या आम्लाची इजा होत नाही.

अन्ननलिकेला असे कवच नाही. घशापासून जठरापर्यंत सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची ही नळी केवळ अन्न खाली नेण्यासाठी आहे. तिच्या खालच्या टोकाशी स्नायूंचे एक कडे असते. घास आला की ते उघडते, घास गेला की मिटते. छाती आणि पोट यांच्यामधील श्वासपटलाचा आधारही त्याला मिळतो. हे कडे सैल पडले, किंवा घास नसताना वारंवार उघडू लागले, की आम्ल वर येते आणि नळीचे नाजूक अस्तर भाजून निघते. न्यूयॉर्कच्या अ‍ॅशर विंकेलस्टीन या वैद्यकाने 1935 मध्ये अन्ननलिकेचा असा दाह हा स्वतंत्र विकार असल्याचे मांडले.

यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, या विकाराच्या बहुसंख्य रुग्णांच्या जठरात आम्ल प्रमाणाबाहेर तयार होत नाही. ते नेहमीइतकेच असते. फक्त नको तेथे पोहोचते. म्हणजे दोष आम्लाचा नसून दाराचा आहे. हा भेद नीट ध्यानात आला, तर उपचाराची दिशा आपोआप स्पष्ट होते.

दार सैल का पडते, याची कारणे रोजच्या जगण्यात आहेत. एका वेळी पोट तुडुंब भरले की जठर ताणले जाते आणि ते कडे पुनःपुन्हा उघडते. तळलेले आणि तूप-तेल अधिक असलेले अन्न जठरात जास्त वेळ रेंगाळते. सुटलेले पोट जठरावर सतत दाब देते; घट्ट पट्टा किंवा करकचून बांधलेली नाडी त्यात भर घालते. तंबाखू त्या स्नायूंची ताकद कमी करते आणि लाळही घटवते. काही जणांच्या जठराचा वरचा भाग श्वासपटलातील छिद्रातून छातीकडे सरकलेला असतो. त्याला 'हायटस हर्निया' म्हणतात. गरोदरपणातही हा त्रास पुष्कळ स्त्रियांना होतो आणि बहुधा प्रसूतीनंतर थांबतो. रक्तदाबावरील व हृदयविकारावरील काही औषधांनीही ते कडे सैल पडते. तशी शंका आल्यास औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांशी बोलावे.

घड्याळाचे महत्त्व

उभे असताना किंवा बसलेले असताना वर आलेले आम्ल गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते. मनुष्य जागेपणी सतत लाळ गिळत असतो आणि ही लाळ उरलेले आम्ल धुऊन काढते. झोपेत दोन्ही आधार सुटतात. शरीर आडवे असते, लाळ कमी होते, गिळण्याची क्रिया जवळजवळ थांबते. म्हणून दिवसा वर आलेल्या आम्लापेक्षा रात्री वर आलेले आम्ल अन्ननलिकेत अधिक काळ टिकते आणि अधिक इजा करते. घन अन्न जठरातून पुढे जाण्यास साधारण तीन-चार तास लागतात, जड अन्नाला त्याहून अधिक. याच कारणाने शेवटचे जेवण आणि झोप यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे असे डॉक्टर सांगतात.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या कुटुंबांना हे अंतर सहज साधते. महाराष्ट्रात सूर्यास्त हिवाळ्यात सहाच्या सुमारास आणि जूनमध्ये सव्वासातच्या आसपास होतो. दहा-साडेदहाला झोपणाऱ्यास सुमारे तीन तास किंवा त्याहून अधिक अवधी मिळतो. चौविहाराचा मूळ हेतू अहिंसा आणि संयम हा आहे. आरोग्यलाभ हे त्याचे आनुषंगिक फळ. ते फळ मात्र दोन चुकांमुळे हातचे जाऊ शकते. पहिली चूक घाईची. सूर्य मावळण्यास पंधरा मिनिटे उरली असता दुकानातून धावत येऊन, रात्री पुन्हा काही खावयाचे नाही म्हणून एका बैठकीत दुप्पट जेवले, तर ताणलेले जठर दार उघडणारच. दुसरी चूक जेवल्याबरोबर सोफ्यावर आडवे होण्याची. पोटाच्या दृष्टीने सायंकाळी सात वाजता आडवे होणे आणि रात्री अकरा वाजता आडवे होणे यांत काही फरक नाही.

ज्यांचा हा नियम नाही, त्यांनाही उपाय अवघड नाही. सायंकाळी सात वाजता घरचा डबा दुकानात मागवावा. पिता-पुत्र किंवा भाऊ-भाऊ एकत्र दुकान पाहत असतील, तर पाळीपाळीने अर्धा तास उठावे. रात्री घरी पोहोचल्यावर भूक लागलीच, तर थोडेसे हलके खावे. सर्वांसोबत पंगत व्हावी ही घरातील स्त्रियांची इच्छा रास्त आहे. ती रविवारी किंवा दुपारी पुरी करता येते. घरातील स्त्री सर्वांना वाढून साडेदहाला जेवत असेल, तर तिच्या छातीत होणारी जळजळही याच वेळापत्रकाची देणगी आहे, हे कुटुंबाने विसरू नये.

उपवास आणि पारणे यांबाबतही थोडा विवेक हवा. मोठ्या तपश्चर्येनंतर पारण्यास मुगाचे पाणी, राब असे पातळ पदार्थ थोडे थोडे देण्याची जुनी रीत पोटाच्या दृष्टीने योग्यच आहे. त्याच दिवशी आप्तांच्या आग्रहाखातर तळलेले आणि गोडाचे ताट समोर आले, तर त्रास होणे स्वाभाविक आहे. मधुमेह, हृदयविकार किंवा अन्ननलिकेला झालेली इजा असेल, तर दीर्घ तप आरंभण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे उचित.

गोळीचा हिशेब

पित्तावरची औषधे तीन प्रकारची. पहिला प्रकार आम्ल मारणाऱ्या गोळ्या, पातळ औषधे आणि पाण्यात टाकताच फसफसणारी पूड यांचा. आराम काही मिनिटांत मिळतो आणि थोड्याच वेळात ओसरतो. फसफसणाऱ्या पुडीत सोडियम बरेच असते. रक्तदाबाच्या रुग्णाने ती वारंवार घेऊ नये. दुसरा प्रकार आम्लनिर्मितीची सूचना अडविणाऱ्या औषधांचा. त्यांपैकी पहिले यशस्वी औषध 1976 मध्ये ब्रिटनमध्ये उपलब्ध झाले आणि ते घडविणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना 1988 मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. तिसरा प्रकार आज सर्वाधिक वापरला जाणारा : ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल इत्यादी. ही औषधे जठरातील आम्ल तयार करणारे सूक्ष्म पंपच बंद करतात.

हे पंप अन्न येण्याच्या वेळी कामाला लागतात आणि चालू असलेला पंपच या औषधाने बंद होतो. म्हणून ही गोळी खाण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाची असते. जेवणानंतर घेतलेल्या गोळीचा बराचसा गुण वाया जातो. नवकारसी करणाऱ्यांनी ती पाळून झाल्यावर पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि अर्ध्या तासाने नाश्ता करावा. एकासणे करणाऱ्यांनी किंवा रात्रीच्या त्रासासाठी दुसरी मात्रा सांगितलेल्यांनी वेळ डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावी. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाआधी ती मात्रा बसविता येते का, हे विचारावे.

अन्ननलिकेचा दाह भरून येण्यास बहुधा आठ आठवड्यांचा उपचार पुरतो. पुढे औषध चालू ठेवायचे, कमी करायचे की थांबवायचे, हा निर्णय डॉक्टरांचा. प्रत्यक्षात आठ आठवड्यांची चिठ्ठी आठ वर्षे चालते. गोळी आम्ल कमी करते, पण दार दुरुस्त करीत नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे, तर कर्जाचे केवळ व्याज भरत राहून मुद्दल तसेच ठेवण्यासारखे हे आहे. हप्ता चुकला की तगादा पुन्हा सुरू. शिवाय दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम बंद केल्यास काही दिवस आम्ल पूर्वीपेक्षा जोराने तयार होते. त्यामुळे 'गोळीवाचून चालतच नाही' असा समज पक्का होतो. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

शाकाहारी कुटुंबांनी एक नोंद विशेष काळजीपूर्वक वाचावी. बी-12 हे जीवनसत्त्व धान्य, डाळी आणि भाज्या यांत नसते. शाकाहारात त्याचा आधार मुख्यतः दूध, दही, ताक हाच. अन्नातून ते मोकळे करण्यास आम्ल लागते. वर्षानुवर्षे आम्ल दाबले आणि त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर बी-12 घटण्याची शक्यता दुहेरी होते. हातापायांना मुंग्या येणे, थकवा, विसरभोळेपणा यांना वयाचा दोष मानून सोडून देऊ नये. साध्या रक्ततपासणीत कमतरता कळते आणि गोळ्यांनी किंवा इंजेक्शनांनी भरून निघते. याखेरीज दीर्घ वापरात मॅग्नेशियम कमी होणे आणि हाडे ठिसूळ होण्याशी असलेला संबंध यांकडेही डॉक्टर लक्ष देतात. हृदयात स्टेंट बसविलेल्यांनी क्लोपिडोग्रेल घेत असताना ओमेप्राझोल स्वतःच्या मनाने घेऊ नये; त्यामुळे क्लोपिडोग्रेलचा गुण कमी होतो. बाजारात डोम्पेरिडोन मिसळलेल्या कॅप्सूलही सर्रास मिळतात. हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर होणाऱ्या परिणामामुळे युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2014 मध्ये डोम्पेरिडोनचा वापर मळमळ व उलटीपुरता आणि थोड्या दिवसांसाठी मर्यादित केला. अशी कॅप्सूल औषधाच्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घेणे धोक्याचे आहे.

हे वाचून कोणी भीतीने औषध टाकून देणेही तितकेच चुकीचे. अन्ननलिकेला तीव्र इजा झालेल्यांना आणि अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना ही गोळी दीर्घकाळ आवश्यक असते. तेथे तिचा लाभ तोट्याहून मोठा असतो.

बिनखर्चाचे उपाय

वजन जास्त असल्यास ते कमी करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय. थोडे वजन उतरले तरी फरक जाणवतो. रात्री त्रास असेल, तर पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उंच करावी. नुसत्या दोन उशा घेतल्याने मान वाकते, पोट दुमडते आणि दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपावे. जठराच्या रचनेमुळे त्या स्थितीत आम्ल अन्ननलिकेच्या मुखापासून खाली राहते. जेवणानंतर लगेच वाकून गाठोडी, खोकी उचलू नयेत. तंबाखू आणि गुटखा सोडावा. थंड दुधाने क्षणभर बरे वाटते, पण थोड्या वेळाने दूधच आम्लनिर्मितीला चालना देते. तो उपचार नव्हे.

खाण्यातील पथ्य सर्वांना एकसारखे लागू पडत नाही. एकाला टोमॅटो बाधतो, दुसऱ्याला चहा, तिसऱ्याला मिरचीचे लोणचे किंवा फरसाण. म्हणून दोन-तीन आठवडे साधी रोजकीर्द ठेवावी : काय खाल्ले, किती वाजता, झोप केव्हा, त्रास केव्हा. ज्या पदार्थापुढे त्रासाची नोंद वारंवार दिसेल, तेवढाच वर्ज्य करावा. सर्व पदार्थ एकदम सोडून जेवण नीरस करण्याचे कारण नाही.

जेव्हा ते पित्त नसते

सर्वांत गंभीर गोष्ट ही आहे. अन्ननलिका आणि हृदय छातीत एकमेकांना लागून आहेत आणि दोघांच्या वेदना मेंदूपर्यंत सारख्याच वाटांनी पोहोचतात. त्यामुळे हृदयविकाराचा झटका जळजळीचे रूप घेऊन येऊ शकतो. 'पित्तच असेल' म्हणून गोळी घेऊन सकाळची वाट पाहणाऱ्यांचे मोलाचे तास निघून जातात. छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, वेदना हात, खांदा, पाठ किंवा जबड्याकडे जाणे, घाम फुटणे, दम लागणे, जिना चढताना दुखणे आणि थांबल्यावर कमी होणे, ही चिन्हे पित्ताची मानू नयेत. मधुमेही व्यक्ती, स्त्रिया आणि वृद्ध यांच्यात ही लक्षणे अस्पष्ट असू शकतात. नुसती मळमळ, अस्वस्थता किंवा अकारण थकवाही पुरेसा इशारा ठरतो. अशा वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयात जाऊन ताबडतोब ईसीजी काढावा. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. रात्रीची वेळ आहे, व्रत आहे, म्हणून थांबू नये. ईसीजी काढण्यासाठी काहीही खावे-प्यावे लागत नाही. तपासणीत हृदय ठीक निघाले, तर पैसे वाया गेले असे कोणी मानू नये.

आणखी काही लक्षणे गोळीने झाकू नयेत. घास अडकणे किंवा गिळताना दुखणे, कारण नसताना वजन उतरणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्तक्षय, किंवा साठीच्या सुमारास प्रथमच सुरू झालेला त्रास, यांत दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, टाळू नये. वर्षानुवर्षे आम्लाने भाजलेले अन्ननलिकेचे अस्तर काही रुग्णांत आपले रूपच बदलते. लंडनचे शल्यचिकित्सक नॉर्मन बॅरेट यांच्या नावाने ही अवस्था ओळखली जाते. अशा अवस्थेतील बहुतेकांना कर्करोग होत नाही. परंतु त्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, म्हणून ठरावीक काळाने तपासणी करीत राहावी लागते. वेळीच ध्यानात आलेला बदल दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो. दीर्घकाळचा कोरडा खोकला, सकाळी बसलेला आवाज, दातांची झीज आणि रात्री बळावणारा दमा यांच्या मुळाशीही कधी कधी हेच आम्ल असते.

ज्या घरात रोज गोळी घेतली जाते, त्या घराने या आठवड्यात तीन कामे करावीत. गोळी कोणी, केव्हा आणि किती दिवसांसाठी लिहून दिली, ती चिठ्ठी शोधावी. ती सापडली नाही किंवा जुनी असेल, तर डॉक्टरांची भेट ठरवावी आणि बी-12 तपासून घेण्याबद्दल विचारावे. तिसरे काम दुकानातच करावयाचे आहे : सायंकाळच्या जेवणाची वेळ ठरवून, त्या अर्ध्या तासात गल्ल्यावर कोण बसणार, हे आजच नक्की करावे.